मैफलीला तंबोरे न्यावेत की इलेक्ट्रॉनिक तानपुरा?

पहिल्या-दुसऱ्या मैफलीचं बोलावणं आलं की राग, बंदिशी, साथीदार यांवर खल होतो. मागे काय वाजणार, हे मात्र आदल्या दिवशी ठरतं. ख्याल गाणाऱ्यासाठी हा निर्णय खूप आधी घ्यायचा असतो.

आवाजाच्या बाबतीत सुरात लागलेल्या तंबोऱ्यांच्या जोडीला तोड नाही. खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, पितळी तार नीट बोलली की तिच्यातून गंधार ('ग') आपोआप ऐकू येतो. मागे दोन्ही बाजूंना असे तंबोरे असले, की षड्ज ('सा') लावताना गळ्याला ताण द्यावा लागत नाही. पहिल्या आलापातच आवाज मोकळा होतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचंच ध्वनिमुद्रण असतं, त्यामुळे रियाजाला ते उत्तम. पण रंगमंचावर तो आवाज एका स्पीकरमधून, एकाच दिशेने येतो आणि तबला चढला की बुडतो.

मात्र यातली खरी अट आहे ती 'सुरात लागलेल्या' ही. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कारागिरांकडून उत्तम जोडी करून घेता येते. पण लावायचं काम आपलंच. खुंटीने तार सुरात आली, मण्याने बारीक फरक काढला, तरी घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचा दोरा जागेवर नसेल तर तार मुकी राहते. तो दोरा केसभर पुढे-मागे सरकवत जायचं. एका ठिकाणी तार एकदम खुलते. चारही तारा अशा खुलवून दोन तंबोरे एकमेकांशी जुळवायला नवख्याला अर्धा तास सहज लागतो. शिवाय हे ग्रीनरूममध्ये उरकून भागत नाही. रंगमंचावरचे दिवे आणि एसी यांनी तारा हलतात, म्हणून जागेवर बसल्यावर पुन्हा पाहावं लागतं. मागे बसणाऱ्यांचा हातही तयार हवा: संथ, सारखा, तबल्याच्या लयीत न ओढला जाणारा. बेसूर तंबोऱ्यापेक्षा ॲप शतपटीने बरं, हे मी तंबोऱ्याच्या प्रेमापोटीच सांगतोय.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा उतरत नाही, चढत नाही. पण त्याचीही एक मेख आहे. ॲपवर 'काळी एक' (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) निवडली म्हणजे ती संवादिनीच्या काळी एकशी जुळेलच असं नाही. पेटी अनेकदा किंचित चढी किंवा उतरी असते. पेटीचे सूर मैफलीत बदलता येत नाहीत, म्हणून ॲपच तिच्याशी बारीक जुळवून घ्यायचं आणि मग तबला लावायचा. ही दोन मिनिटं वाचवली तर गायक दोन षड्जांच्या मध्ये अडकतो.

रागबदलाला ॲप सोयीचं. यमननंतर मालकंस घेतलात तर त्यात पंचम ('प') नसल्याने पंचमाची तार मध्यमावर ('म') आणून तिचा दोराही पुन्हा बघावा लागतो. श्रोत्यांसमोर हे निवांतपणे करायला अनुभव लागतो. पंचमावरच गाता येतील असे दोन राग निवडले की प्रश्न मिटतो. प्रवासाचं तर उघडच आहे: भोपळा नाजूक, विमानात जीव टांगणीला. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात गायचं असेल आणि तिथे कुणाकडे तंबोरा नसेल, तर खुशाल छोटंसं यंत्र न्या.

माझा सल्ला असा. वाजवणारे दोन गुरुबंधू किंवा विद्यार्थी आणि रंगमंचावर अर्धा तास आधी प्रवेश, या दोन्ही गोष्टी मिळत असतील तर तंबोऱ्यांची जोडीच घ्या आणि त्यांच्यासाठी ध्वनिव्यवस्थेकडे वेगळा माइक मागा. तो आपणहून क्वचितच लावला जातो. वाजवणारा एकच असेल तर एक तंबोरा आणि त्याच्या खाली, जेमतेम ऐकू येईल इतकंच, यंत्र. पाऊण तासाच्या स्पर्धेत, जिथे आधीचा गायक उठताच बसायचं असतं, तिथे सरळ यंत्र लावा. फोन वापरत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका आणि आपल्या मॉनिटरमध्ये (गायकाला ऐकू यावं म्हणून रंगमंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) तानपुऱ्याचा आवाज तबल्यापेक्षा मोठा ठेवायला सांगा.