खेकड्याच्या रक्तासाठी घेतलेला मायक्रोस्कोप: पाचात साडेतीन

मी चिपळूणजवळ बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. कॉलेजचा मायक्रोस्कोप घरी आणता येत नाही, म्हणून जुलैत पदरचे तेरा हजार घालून हा बायनॉक्युलर, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायचा मायक्रोस्कोप मागवला. कंपनीचं नाव देत नाही. हेच मशीन चार नावांनी विकलं जातं.

पहिली परीक्षा घरामागच्या पऱ्यातल्या खेकड्याची. बर्फात ठेवून सुस्त केला आणि शेवटच्या पायाच्या बुडाशी असलेल्या मऊ पडद्यातून इन्सुलिनच्या सिरिंजने रक्त काढलं. काचपट्टीपर्यंत पोचेस्तोवर सिरिंजमध्ये त्याची खळ झाली! खेकड्याच्या रक्तातल्या पेशी बाहेर पडल्या की लगेच फुटतात आणि रक्त गोठवतात. पुढच्या खेपेला रक्त गोठू न देणारं सायट्रेट आणि ईडीटीएचं गार द्रावण आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवलं, मग जमलं.

मुलं आधी लाल पेशी शोधतात. त्या नसतातच. ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन तांब्याचं, म्हणून रक्त निळसर, आणि तेही पेशीत नाही, द्रवातच विरघळलेलं. काचेखाली दिसतात त्या सगळ्या पेशी राखणदार, रोगजंतूंशी लढणाऱ्या.

४०च्या ऑब्जेक्टिव्हवर (काचपट्टीजवळच्या भिंगावर) दोन प्रकार चटकन ओळखू येतात. हायलाईन पेशीत केंद्रकच इतकं मोठं, की भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड उरते. ग्रॅन्युलर, म्हणजे कणदार पेशी करंजीत खसखस ठासून भरावी तशी, केंद्रक एका बाजूला सरकलेलं. तुटक्या पायाच्या जागी काळी खपली धरते ना, ती धरवणारं एन्झाइम निष्क्रिय रूपात याच कणांमध्ये असतं. मधली सेमी-ग्रॅन्युलर पेशी मात्र फसवते. तिचे कण बारीक आणि विरळ, म्हणून तेलाचा थेंब घालून वापरायचं १००चं ऑइल भिंग लागतं. इथेच या मशीनचा अर्धा तारा गेला: मध्यभाग छान, कडा धूसर.

दुसरं दुखणं दिव्याचं. उजेड इतका निळा, की पेशी रंगवायच्या गिम्सा रंगातले गुलाबी कण जांभळे दिसतात. मिठाईच्या खोक्यावरचा पिवळा कागद दिव्यावर ठेवला, तेव्हा कुठे रंग ताळ्यावर आले.

सगळ्यात वैताग स्टेजचा, म्हणजे काचपट्टी ठेवायच्या पाटाचा. २०० पेशी मोजायच्या आणि दर दहा पेशींना फोकस खाली घसरलेला! हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बॅटरी बदलून बघा." प्लगवर चालणाऱ्या यंत्राची बॅटरी! शेवटी फोकसच्या चाकाशेजारची कडी मीच आवळली. तिचा उल्लेख माहितीपत्रकात नाही. आता घसरण बरीच कमी आहे.

कॅमेऱ्याचा अडॅप्टर खोक्यात असतो असं जाहिरातीत लिहिलंय. माझ्या खोक्यात नव्हता. तूर्त मोबाइल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) धरून फोटो काढतेय. अडॅप्टर आला तर तारे बदलीन.