"गरम लागतंय म्हणजे काम करतंय", आणि मी मान डोलावली

लिहिताना लाज वाटतेय. पण दात पांढरे करून देणाऱ्या लेझर व्हाइटनिंगची जाहिरात बघून आज कुणीतरी त्या खुर्चीत बसायला निघालं असेल, म्हणून लिहिते. 3 बैठकांचे पैसे आगाऊ भरले, तेही नुसतं जेल लावून दात पांढरे करण्याच्या बरोबर दुप्पट. वरचे पैसे दिव्याचे. बैठक झाली 1, परत मिळाले शून्य. आणि लेझर कसलं, साधा निळा एलईडी होता.

मी भोळी नाही हो. "ऑफर आजच संपतेय" म्हणजे काय ते मलाही कळतं. पण पांढरा कोट, मास्क, हातमोजे, भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र एवढं दिसल्यावर "तुम्ही दातांच्या डॉक्टर का?" असं तोंडावर कोण विचारतं? विचारा! ते प्रमाणपत्र मशीन चालवायच्या ट्रेनिंगचं निघालं.

बसण्याआधी दुखू नये म्हणून गोळी दिली. "सगळ्यांनाच देतो." दात तपासले नाहीत, एक्स-रे नाही, पण गोळी आधी. तिथेच उठायला हवं होतं.

नाही उठले. 35 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, 15 मिनिटांच्या 3 फेऱ्या. दुसऱ्या फेरीत खालच्या पुढच्या दातांत सुई खुपसावी तशी कळ गेली. ओठ ताणून धरणारं प्लास्टिक तोंडात, बोलता येईना, म्हणून हात वर केला. बाई म्हणाल्या, "गरम लागतंय ना? म्हणजे काम करतंय." आणि दिवा आणखी जवळ ओढला. गोळी घेऊनही कळ येतेय म्हणजे आत काय चाललं असेल, हे मला तेव्हा सुचू नये? मी मान डोलावली. ती मान अजून आठवते.

नंतर वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. दाताच्या आतला जिवंत गर कठीण कवचात कोंडलेला असतो, सुजायला जागाच नाही. 1965 मध्ये माकडांच्या दातांवर झालेल्या प्रयोगात गराचं तापमान 5.5 अंश सेल्सिअसने वाढलं, तेव्हा सुमारे 15 टक्के दातांचा गर सावरलाच नाही. ही मर्यादा जरा जास्तच सावध आहे असं म्हणणारेही आहेत, पण अजून दाखला तिचाच देतात. खालचे पुढचे दात सगळ्यांत बारीक, उष्णता तिथे लवकर पोचते. "कोल्ड लाइट", म्हणजे न तापणारा दिवा, या शब्दावर जाऊ नका. दिवा किती ताकदीचा, किती जवळ, किती वेळ, ते विचारा. आणि ज्यासाठी दुप्पट मोजले त्या दिव्याने टिकाऊ फरक पडतो असं बहुतेक तुलनांमध्ये दिसलेलं नाही. झिणझिण्या मात्र वाढतात.

आणि तो "नंतरचा" फोटो! तासभर कोरडे पडलेले दात तसेही पांढरेच दिसतात. ओल परतली की रंग उतरतो. माझा 4 दिवसांत उतरला.

तक्रार? दंतवैद्यांची नोंदणी ठेवणारं कार्यालय म्हणालं, त्या बाई आमच्याकडे नोंदलेल्याच नाहीत, आम्ही काय करणार. अहो, तीच तर तक्रार आहे! ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्यांना तज्ज्ञाचं पत्र हवं. तज्ज्ञ म्हणतात, दाताला आधीच तडा असेल, दिव्यामुळेच झालं असं लिहून देता येणार नाही. पोलिसांनी माझी सही असलेला कागद वाचला, "सेन्सिटिव्हिटी होऊ शकते, मान्य आहे", आणि एकाने विचारलं, "दात चमकवायलाच गेला होतात ना?" 3 कार्यालयं, 7 खेटे, एकाही अर्जाला पोच नाही. फोनवर बोलू नका, सगळं लेखी मागा. सही करण्याआधी त्या कागदाचा फोटो काढा. मी काढला नव्हता.

कॅप आणि फिलिंग पांढरं होत नाही, हेही मला कुणी सांगितलं नाही. माझी वरची एक कॅप आता वेगळी दिसते. पण तिचं काही नाही. खालचा उजवीकडचा दात थंड लावून तपासला तेव्हा काहीच जाणवलं नाही. डॉक्टरांनी दोनदा लावून बघितलं. रूट कॅनाल सुरू आहे, आणि तो दात आता करडा पडत चाललाय.