घरातला हवेचा मॉनिटर: आठ महिने वापरल्यावर

माझ्या लेकीला दमा आहे. ती सात वर्षांची. मध्यरात्री तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला की घरातली हवा कशी आहे, या प्रश्नाने झोप उडते. म्हणून हा मॉनिटर घेतला. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक केलं असतं. दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर घेऊच नका म्हटलं असतं.

यंत्र तळहाताएवढं आहे. आतला छोटा पंखा हवा ओढतो, त्या हवेवर लेझरचा झोत पडतो आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून पीएम २.५चा आकडा काढला जातो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. नाक आणि घसा यांना चुकवून हे कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यातले सर्वांत बारीक तर रक्तातही उतरतात. म्हणूनच त्यांचा त्रास दमा-खोकल्यावर थांबत नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही त्यांच्यामुळे वाढतो. माझ्या मॉनिटरवर याशिवाय कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि आर्द्रता दिसते.

दुसऱ्या महिन्यात माझा विश्वास उडाला तो एका धुक्याच्या सकाळी. बाल्कनीतला मॉनिटर १४० दाखवत होता आणि त्याच वेळी हवा मोजणाऱ्या जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा होता ६५. यंत्र बिघडलं असंच वाटलं. मग खोलात गेल्यावर कळलं की केंद्रातली यंत्रं गोळा झालेल्या कणांच्या वस्तुमानावर काम करतात, तर माझं यंत्र फक्त प्रकाश बघतं आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतं. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा चढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशाच स्वस्त सेन्सरांसाठी जे दुरुस्तीचं सूत्र बसवलं, त्यात आर्द्रता धरली आहे ती याचसाठी. आता आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असली की बाहेरचा आकडा मी वहीत लिहीतच नाही. पीएम १०च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, आकड्याकडे तर कधीच बघत नाही, कारण जाडसर धूळ या छोट्या सेन्सरांना नीट मोजता येत नाही.

आणखी एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बंद करून थेट मायक्रोग्रॅम, म्हणजे एक घनमीटर हवेतल्या कणांचं वजन, लावा. एक्यूआयची मोजपट्टी प्रत्येक देशाची वेगळी असते. ५० मायक्रोग्रॅमची तीच हवा भारताच्या पट्टीवर 'समाधानकारक' ठरते आणि अमेरिकेच्या पट्टीवर दमेकऱ्यांसाठी अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली पातळी दिवसाच्या सरासरीला १५ आणि वर्षाच्या सरासरीला ५ आहे. त्याआधी, २००५ सालच्या शिफारशीत, हेच आकडे २५ आणि १० होते. मधल्या काळात कमी प्रदूषणातही अपाय होतो असे पुरावे जमत गेले, म्हणून पट्टी खाली आली. आमच्या घराची आठ महिन्यांची सरासरी ३१ आहे. हा आकडा मला रोज बोचतो.

खरी किंमत वसूल झाली ती स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत. कढईत तेल तापून धूर यायला लागला की दहा मिनिटांत आकडा २० वरून २०० च्या पुढे जातो, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं असेल तर लेकीच्या खोलीतही तासभर रेंगाळतो. हे मी रोज करत होते आणि दोष मात्र रस्त्यावरच्या गाड्यांना देत होते. आता परतायला घेण्याआधीच धूर ओढणारा पंखा लावते, दार लोटून घेते आणि स्वयंपाक संपल्यावरही पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवते. एवढ्याने तिच्या खोलीतली उसळी जवळपास थांबली.

झोपायच्या खोलीत मात्र पेच पडला. बाहेरची हवा वाईट म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा) प्युरिफायर लावला. पीएम २.५ आठवर आला, मी खूश. पहाटे जाग आली तेव्हा कार्बन डायऑक्साइड १,९०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) होता. मोकळ्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो, आणि खोलीत १,००० च्या वर गेला की हवा पुरेशी बदलत नाही असं समजतात. प्युरिफायर कण पकडतो, वायू नाही. एकाला सर्दी झाली की बंद खोलीत ती सगळ्यांना होते, आणि दमा असलेल्या मुलांना सर्दीचं भय धुराइतकंच. पंधरा दिवस वेगवेगळ्या वेळा करून पाहिल्या. रात्री आणि पहाटे जमिनीलगतची थंड हवा झाकणासारखी बसते आणि धूर खालीच कोंडतो. ऊन वर आलं की ती हवा वर उचलली जाते आणि आकडा उतरतो. म्हणून आमच्याकडे खिडक्या सकाळी उशिरा सताड उघडतात आणि रात्री प्युरिफायर चालू ठेवून एक फट तेवढी राहते. त्यात पीएम १८ आणि कार्बन डायऑक्साइड ९०० वर तोल सांभाळला जातो. पहाटे चालायला जाणंही बंद केलं. 'सकाळची शुद्ध हवा' हे आपण ऐकत आलो, पण माझ्या नोंदींत दिवसातली सर्वांत वाईट हवा पहाटेचीच आहे.

या यंत्राला ओझोन दिसत नाही, नायट्रोजन डायऑक्साइडही नाही. भर उन्हात वाहनांच्या धुरातले वायू एकमेकांशी क्रिया करून ओझोन तयार होतो, तेव्हा पडद्यावर हिरवा रंग असतो आणि फुप्फुसाला मात्र चटका बसत असतो. खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नाही, याचा मला मनापासून राग आहे. हिरवा रंग पाहून मीच लेकीला दुपारी खेळायला पाठवत होते.

डॉक्टरांनी सांगितल्यावरून तिच्या पीक फ्लो मीटरचे (फुंकरीचा जोर मोजणाऱ्या नळीचे) सकाळ-संध्याकाळचे आकडे त्याच वहीत लिहिते. धुराच्या दिवसानंतर एक-दोन दिवसांनी तिची फुंकर कमी पडते, असं मला दिसतं. पण आठ महिन्यांतला तिचा सर्वांत मोठा झटका आला तो हवा स्वच्छ असलेल्या आठवड्यात, सर्दीतून. एका मुलीच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही. प्रदूषित हवेचा अपाय सिद्ध करायला अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या ८,००० हून जास्त प्रौढांचा १४ ते १६ वर्षं मागोवा घ्यावा लागला. १९९३ साली निष्कर्ष आले: वय, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त. एकेका माणसाची जोखीम थोडीच वाढते, पण श्वास तर सगळेच घेतात, म्हणून गावभरचा हिशेब एवढा मोठा होतो. तो हिशेब मांडायला नीट तपासलेली, वर्षानुवर्षं चालणारी सरकारी केंद्रंच लागतात. माझा मॉनिटर त्यांची जागा घेऊ शकत नाही. केंद्राचा आकडा माझ्या घरात शिरल्यावर त्याचं काय होतं, तेवढं तो दाखवतो.

देखभाल फारशी नाही. पाचव्या महिन्यात आकडा विनाकारण चढा राहू लागला; हवा आत जायच्या जाळीत धुळीचा थर बसला होता, ब्रशने काढल्यावर ठीक झाला. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर अधूनमधून मोकळ्या हवेत ठेवावा लागतो, नाहीतर बंद खोलीतली सर्वांत कमी पातळीच तो ताजी हवा धरून चालतो. पडद्यावर लाल रंग आला की वाजणारा भोंगा मी कायमचा बंद केला. पहिले दोन महिने तो वाजला की लेक घाबरून छातीवर हात ठेवायची.

दमा, हृदयविकार किंवा तान्हं बाळ घरात असेल तर घ्या, पण सोबत वही ठेवा आणि औषधाचा निर्णय पडद्यावरून घेऊ नका. नुसती उत्सुकता असेल तर जवळच्या केंद्राचे आकडे पुरेसे आहेत.

लेकीच्या वर्गात चाळीस मुलं बसतात आणि खिडक्या बहुतेक वेळ बंद असतात. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, हे मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी दोन आठवडे मॉनिटर ठेवायला होकार दिलाय. सोमवारी तो फळ्याशेजारी, खिडकीपासून लांब, बाकावर बसलेल्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर लावायचाय.