जुन्या टेबल सॉचा टिल्ट हलतोय: वर्म गिअर की ट्रनियन, आधी कशावर खर्च करायचा

टिल्टचं, म्हणजे ब्लेड तिरकं करायचं, हँडल फिरवलं की पाव फेरा नुसताच रिकामा जातो, ब्लेडला हात लावला तर डुगडुगतं, आणि हे बघून बहुतेक जण थेट वर्म गिअर (हँडलच्या शाफ्टवरचा स्क्रूसारखा गिअर) बदलायच्या मागे लागतात. मीपण लागलो होतो, जोगेश्वरीच्या गाळ्यात, बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून आणलेल्या दहा इंची मशीनवर, आणि दोष निघाला भलतीकडेच.

हँडलचा रिकामा फेरा आणि लॉक टाइट केल्यावरही राहणारी हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्म आणि तो ज्यांत अडकतो त्या दात्यांत थोडी फट लागतेच, नाहीतर हँडल फिरणारच नाही. शिवाय मोटरचं वजन दात्यांना एकाच बाजूला दाबून ठेवतं, त्यामुळे वजनाच्या विरुद्ध फिरवत कोनावर आलात आणि मग लॉक केलंत तर ती फट कटमध्ये येत नाही. ट्रनियनचं तसं नाही. ट्रनियन म्हणजे ब्लेड-मोटरच्या पाळण्याला पुढे आणि मागे धरणारे आधार. पाळणा त्यांच्या ज्या गोल खाचेत सरकतो ती खाच झिजली किंवा तिचे बोल्ट ढिले झाले तर लॉक लावूनही पाळणा डोलतो, आणि तिरक्या कटांनी जोडायच्या चौकटीचे चार कोपरे म्हणजे आठ कट, प्रत्येकात एकाच बाजूला अर्धा अंश चुकला तरी शेवटच्या सांध्यात चार अंशांची फट उघडते.

आता टेस्ट. प्लग काढा, हे आधी. ब्लेड काढून त्या जागी जाड सपाट लोखंडी प्लेट लावा, कारण ब्लेड स्वतःच वाकतं आणि आपण उगाच टिल्टला दोष देत बसतो. मॅग्नेटिक बेसवाला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप, टेबलवर ठेवा (मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो), त्याचं टोक प्लेटला टेकवा, लॉक घट्ट करा आणि खालून मोटरला दोन्ही बाजूंनी ढकला. काटा हलला तर टिल्ट. मोटर ढकलून काहीच नाही पण प्लेट ढकलल्यावर हलतोय, तर आर्बरच्या (ब्लेड बसतं त्या शाफ्टच्या) बेअरिंगकडे बघा, टिल्टला हातच लावू नका. हेच प्लेटच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला करून बघा. पुढे गप्प आणि मागे हालचाल असेल तर मागचा ट्रनियन, कारण वर्म आणि लॉक पुढच्याला पकडतात, मागचा फक्त दोघांना जोडणाऱ्या मधल्या रॉडच्या भरवशावर असतो, आणि मोटर मागे लटकणाऱ्या मशीनमध्ये हे फार दिसतं.

माझ्याकडे मागचेच बोल्ट ढिले होते. पाना फिरवला, काम झालं.

त्याआधी हँडल सरळ आत-बाहेर ओढून बघायला विसरू नका. शाफ्टच सरकत असेल तर त्याला जागेवर धरणाऱ्या कॉलरचा (कड्याचा) ग्रब स्क्रू सुटलाय, एक ॲलन की आणि पाच मिनिटं, आणि लक्षणं मात्र अगदी वर्म झिजल्यासारखी दिसतात.

वर्मच निघाला तरी लगेच बदलू नका. बऱ्याच मशीनमध्ये त्याचा ब्रॅकेट सरकवून दाते जवळ आणता येतात, पण ९० आणि ४५ अंशांजवळचे दाते जास्त झिजलेले असतात, तिथे घट्ट बसवलं की मधल्या न झिजलेल्या दात्यांवर हँडल जाम होतं, म्हणून मध्यावर ॲडजस्ट करा आणि पूर्ण फिरवून खात्री करा. दात्यांवर ग्रीस नको, आपल्या पावसाळ्यात भुसा धरून त्याचा लगदा होतो, वायर ब्रशने साफ करून मेण लावा.

खर्चाच्या दृष्टीने वर्म परवडतो, लेथवाल्याकडून नमुन्यावरून करून घेता येतो. झिजलेल्या ट्रनियनला मी आधी पातळ पत्रीची शिम (फट भरायची पट्टी) लावून बघेन. पण ट्रनियनच्या कानाला तडा दिसला, तर बिडाचं (कास्ट आयर्नचं) वेल्डिंग करून मशीन चालवू नका, त्यावर फिरणारं ब्लेड लटकतंय, तिथे दुसरा ट्रनियन किंवा दुसरं मशीन बघा.