जीएनयू रेडिओ, मॅटलॅब, पायथन की सी: एसडीआरसाठी काय निवडावं?

एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ: सिग्नलवरची बरीचशी प्रक्रिया संगणकात करणारा रेडिओ. त्यासाठी आरटीएल-एसडीआर हे यूएसबी रिसीव्हर डोंगल घेतलं की पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा. नुसतं ऐकायचं असेल तर जीक्यूआरएक्स हे तयार ॲप पुरे. रिसीव्हर स्वतः बांधायचा असेल तर चार रस्ते आहेत, आणि आमच्या मते बहुतेकांनी जीएनयू रेडिओपासून, म्हणजे ब्लॉक जोडून रिसीव्हर बांधायच्या मोफत सॉफ्टवेअरपासून, सुरुवात करावी.

कारण सिग्नल चालू असताना तो दिसतो. एफएम रिसीव्हरचं उदाहरण घ्या. सोर्स, म्हणजे डोंगलमधून सिग्नल आणणारा ब्लॉक, सेकंदाला २४ लाख सॅम्पलवर (मोजमापांवर) ठेवा. चिप ३२ लाखांपर्यंत जाते, पण तिथे सॅम्पल गळू लागतात. १०० किलोहर्ट्‌झ कटऑफचा लो-पास फिल्टर (त्यावरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) लावून डेसिमेशन १० केलं, म्हणजे दर दहातलं एकच सॅम्पल ठेवलं, की सेकंदाला उरतात २,४०,०००. मग एफएममधून आवाज काढणारा क्वाड्रेचर डिमॉड ब्लॉक, गेन (पटीने वाढ) ०.५१ च्या आसपास. शेवटी ५ ने डेसिमेट केलं की बरोबर ४८,०००, म्हणजे साउंडकार्डचा दर. डी-एम्फसिसमध्ये, म्हणजे प्रक्षेपणात वाढवलेले उंच स्वर परत खाली आणणाऱ्या ब्लॉकमध्ये, बहुधा ७५ मायक्रोसेकंद आधीच भरलेले असतात. ते अमेरिकेचं माप. भारतात ५० लागतात, नाहीतर आवाज दबका येतो.

अडचणी ठरलेल्या आहेत. लिनक्सवर टीव्हीचा ड्रायव्हर डोंगल आधीच बळकावतो, म्हणून त्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करावं लागतं, म्हणजे तो लोड होऊ द्यायचा नाही. विंडोजवर झाडिग हे छोटं टूल वापरून विनयूएसबी ड्रायव्हर बसवा. हार्डवेअर जोडलेलं असताना वेग आवरणारा थ्रॉटल ब्लॉक ठेवू नका. वेग हार्डवेअरच ठरवतं. स्क्रीनवर ‘ओ’ अक्षरांची रांग लागली तर संगणक मागे पडतोय. अधूनमधून ‘एयू’ (साउंडकार्डला डेटा कमी पडला) दिसलं तर घाबरू नका: डोंगल आणि साउंडकार्ड यांची घड्याळं वेगळी, थोडा फरक पडणारच. खरी डोकेदुखी आवृत्त्यांची. जीएनयू रेडिओ ३.९ पासून त्याच्या सी++ कोडची पायथनशी जोडणी स्विग या टूलऐवजी पायबाइंड११ वर गेली, त्यामुळे ३.७ किंवा ३.८ साठी लिहिलेलं मॉड्यूल ३.१० वर जसंच्या तसं चालत नाही. हवं ते मॉड्यूल कुठल्या आवृत्तीवर चालतं ते आधी पाहा, मगच जीएनयू रेडिओ बसवा.

मॅटलॅब हे गणिताचं विकतचं सॉफ्टवेअर कॉलेजने दिलं असेल तर जरूर घ्या. त्यासाठी स्वतःचा खिसा रिकामा करू नका. मूळ लायसन्सशिवाय कम्युनिकेशन्स, डीएसपी सिस्टीम आणि सिग्नल प्रोसेसिंग हे टूलबॉक्सही लागतात. बिट एरर रेटचे (किती बिट चुकले त्याचे) आलेख काढायचे असोत किंवा एचडीएल कोडर या त्याच्या जोडसाधनाने एफपीजीएपर्यंत, म्हणजे हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या चिपपर्यंत, जायचं असो, तिथे त्याची बरोबरी कठीण. विद्यार्थी लायसन्सवर मात्र धंद्याचं काम करता येत नाही.

गणित समजून घ्यायला पायथन आणि त्याची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय उत्तम, पण आधी रेकॉर्ड केलेल्या फाइलवर. डोंगलमधून थेट वाचताना एका तुकड्यावर हिशोब चालू असतो, तेवढ्यात पुढचे सॅम्पल निघून जातात. एक मिनिटाची कच्ची ८-बिट फाइल २८८ एमबी होते, जीएनयू रेडिओच्या फाइल सिंकमधून (फाइलमध्ये लिहिणाऱ्या ब्लॉकमधून) घेतली तर ११५२ एमबी. दोन्हींचा साचा वेगळा आहे. कच्च्या फाइलमध्ये शून्य म्हणजे १२७.५, ते वजा केलं नाही तर स्पेक्ट्रमच्या मधोमध मोठा खोटा सुळका उभा राहतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रात्रंदिवस चालणारी वस्तू करायची असेल तर सी भाषा आणि लिक्विड-डीएसपी ही सिग्नल प्रक्रियेची लायब्ररी. चित्रं नाहीत, डीबगिंग कंटाळवाणं, पण लायब्ररी हलकी आणि एमआयटी लायसन्सची. एमआयटी लायसन्समध्ये स्वतःचा कोड बंद ठेवता येतो. जीएनयू रेडिओ जीपीएल ३ खाली आहे, त्यात त्यावर बांधलेलं उत्पादन देताना कोडही द्यावा लागतो; बंद कोडचं उत्पादन विकायचं असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

पुढे हार्डवेअर बदलण्याची शक्यता असेल तर कोड सोपीएसडीआरवर लिहा, ही वेगवेगळ्या एसडीआर हार्डवेअरना एकाच पद्धतीने चालवणारी लायब्ररी आहे. डोंगलवरून हॅकआरएफ या दुसऱ्या एसडीआर उपकरणावर जाताना ड्रायव्हरचं नाव बदललं की बरंचसं काम होतं. गेन मात्र पुन्हा लावावा लागतो, कारण हॅकआरएफमध्ये रिसीव्ह करताना तो अॅम्प, एलएनए आणि व्हीजीए अशा तीन वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरांच्या ठिकाणी असतो.