दुब्रोव्हनिक, कोटोर की व्हॅलेटा: क्रूझवरून तटबंदीचं शहर बघायचं तर कुठलं?

"वहिनी, दोन क्रूझ समोर आहेत. एक दुब्रोव्हनिक आणि कोटोरला जाते, दुसरी माल्टाला. माझे सासू-सासरे आणि दोन्ही मुलं बरोबर आहेत. कुठली घेऊ?"

सिंहगड रोडला राहणाऱ्या माझ्या नणंदेचा हा फोन गेल्या आठवड्यातला. मला विचारायचं कारण म्हणजे आम्ही या दोन्ही फेऱ्या केल्या आहेत. पहिली मे महिन्यात, एड्रियाटिक समुद्रातली. दुसरी पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, पश्चिम भूमध्य समुद्रातली. दोन्ही वेळा आम्ही पाच जण होतो: आम्ही दोघं, आमची लेक (पहिल्या फेरीला नऊ वर्षांची) आणि आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे. आईंचा एक गुडघा बदललेला आहे. बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, जुनी भिंत दिसली की आधी तिच्यावर हात फिरवणार, मग बोलणार.

माझं मत आधीच सांगून टाकते. तीन पिढ्या बरोबर असतील आणि हातात एकच दिवस असेल, तर व्हॅलेटा, म्हणजे माल्टाची राजधानी. क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक या तिघांत माझं सगळ्यात लाडकं, पण ते क्रूझवरून बघू नये, विमानाने जाऊन दोन रात्री राहावं. माँटेनेग्रोतल्या कोटोरची गंमत शहराइतकीच तिथे पोचण्याच्या वाटेत आहे, आणि ती वाट जहाजाचीच आहे.

जहाज कुठे लागतं, ते आधी बघा

माहितीपत्रकात सगळीकडे तटबंदीचेच फोटो असतात. जहाजाचा धक्का आणि शहराची वेस यांच्यात किती अंतर आहे, ते मात्र कुठे छापलेलं नसतं. आणि म्हाताऱ्या माणसांचा दिवस त्या अंतरावर ठरतो.

दुब्रोव्हनिकला मोठी जहाजं ग्रूझ नावाच्या बंदरात लागतात. जुन्या शहरापासून ते साधारण तीन किलोमीटर लांब आहे. बस आहे, टॅक्सी आहे, पण हजारो माणसं एकाच तासात उतरतात आणि सगळ्यांना जुन्या शहराच्या त्याच पिले दरवाज्याशी जायचं असतं. (काही जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने थेट जुन्या बंदरात सोडतात. तुमचं जहाज त्यातलं असेल तर माझं निम्मं म्हणणं मागे घेते. बुकिंगआधी हा प्रश्न जरूर विचारा.) कोटोरला धक्का शहराच्या दरवाज्यासमोरच आहे, रस्ता ओलांडला की आत. व्हॅलेटात जहाज बुरुजांच्या अगदी पायथ्याशी उभं राहतं. शहर वर डोंगराच्या सोंडेवर आहे, पण दहा-बारा मिनिटं चाललं की लिफ्ट आहे. 2012 साली सुरू झालेली ही 58 मीटर उंचीची लिफ्ट थेट अप्पर बराक्का बागेत नेऊन सोडते.

सकाळी 8 ते संध्याकाळी 5 म्हणजे नऊ तास, असा हिशोब आपण घरी करतो. त्यातून उतरण्याची रांग वजा करा, जेवण वजा करा आणि जहाज सुटण्याआधी अर्धा ते एक तास परत चढावं लागतं, तोही वजा करा. खरे सहा तास उरतात. दुब्रोव्हनिकला त्यातला आणखी तास-सव्वा तास बसच्या रांगेत आणि रस्त्यात गेला.

दुब्रोव्हनिक: चालणाऱ्यांचं शहर

शहराभोवतीचा तट सुमारे 1,940 मीटर लांब आहे, काही ठिकाणी 25 मीटर उंच. त्यावरून पूर्ण फेरी मारता येते, एकाच दिशेने, दीड-दोन तासांत. पायऱ्या हजाराच्या वर आहेत. पर्वतीच्या 103 पायऱ्या आपल्या पायांना पाठ असतात, तेव्हा साधारण दहा पर्वती असं समजा. सलग नाहीत, चढउतार आहे, पण सावली जवळजवळ नाही. तिकीट मोठ्या माणसाला 40 युरोच्या आसपास पडतं, मुलांना सवलत आहे.

आई वर येऊ शकणार नव्हत्या. त्या ओनोफ्रिओच्या कारंज्याशी बसल्या. पंधराव्या शतकातलं हे सोळा बाजूंचं कारंजं, आजही त्याच्या तोट्यांचं पाणी पिता येतं. बाबा, लेक आणि मी वर गेलो. वरून छपरं दिसतात. लेकीने विचारलं, काही कौलं भडक केशरी आणि काही फिकी, असं का? बाबांनी तिला सांगितलं की 1991 मध्ये या शहराला वेढा पडला होता, 6 डिसेंबरला जुन्या शहरावर तोफगोळ्यांचा मारा झाला, भडक कौलं त्यानंतरची आहेत. त्यानंतर तिने खाली बघत बघत अर्धा तट पार केला, एक शब्द न बोलता. ती अर्धी फेरी मला त्या पूर्ण सुट्टीत सगळ्यात मोलाची वाटते.

बाबांचं मन लोव्ह्रियेनात्स किल्ल्यात अडकलं. हा वेशीबाहेर, समुद्रातून वर आलेल्या कड्यावर आहे. समुद्राकडची भिंत 12 मीटरपर्यंत जाड आणि शहराकडची जेमतेम 60 सेंटिमीटर. किल्ला शत्रूच्या हाती गेला किंवा किल्लेदार फितूर झाला, तर शहरातून ती भिंत सहज फोडता यावी म्हणून! दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की जगातल्या सगळ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणं बरं नव्हे. दुब्रोव्हनिकचं जुनं नाव रगुसा. हे छोटं व्यापारी गणराज्य तुर्कांना खंडणी देऊन, वाटाघाटी करून शतकानुशतकं टिकलं आणि 1808 मध्ये नेपोलियनच्या राजवटीने ते संपवलं. मध्ये 1667 च्या भूकंपात शहराची राखरांगोळी झाली होती. आज स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर जी एकसारखी घरं दिसतात, ती त्या भूकंपानंतरची.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या माणसाने चुकवू नये. रगुसाने 1377 मध्ये साथीच्या गावांतून येणाऱ्यांना 30 दिवस शहराबाहेर ठेवण्याचा कायदा केला, विलगीकरणाच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक. पुढे त्यासाठी बांधलेल्या इमारती प्लोचे दरवाज्याबाहेर अजून उभ्या आहेत. 1897 च्या प्लेगच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना तिथे थांबावंसं वाटतंच.

आम्हाला तिथे थांबायला वेळ मिळाला नाही. तट उतरून खाली आलो तेव्हा आई दोन तास एकट्या बसलेल्या होत्या, ऊन त्यांच्या बाकावर आलं होतं आणि स्त्रादुनवर गणपतीच्या आधीच्या रविवारी तुळशीबागेत असते तशी गर्दी होती. शहराने 2019 पासून एका वेळी दोन जहाजं आणि साधारण 4,000 प्रवासी अशी मर्यादा घातली आहे, तरीही 300 मीटरच्या रस्त्यावर ती माणसं कमी होत नाहीत. शिवाय रस्त्याचा चुनखडीचा दगड इतका गुळगुळीत झालाय की बदललेल्या गुडघ्याच्या माणसाचा हात सोडवत नाही. संध्याकाळी जहाजं गेली की हेच शहर मोकळं होतं म्हणतात, आणि ते डेकवरून बघताना मला फार वाईट वाटलं: ऊन उतरत होतं आणि आम्ही निघालो होतो. म्हणून म्हणते, तिथे राहायला जा. सकाळी तट उघडताच वर चढा, दुपारी लोक्रुम बेटावर जा, म्हाताऱ्यांना केबल कारने स्र्ज डोंगरावर न्या. तिथून चढ न चढता अख्खा तट दिसतो.

कोटोर: पहाटे पाचला उठा

कोटोर एका लांब, वळणावळणाच्या आखाताच्या अगदी टोकाला आहे. जहाज दोन्ही बाजूंच्या उंच डोंगरांमधून तासाहून जास्त वेळ आत जात राहतं. वेरिगेच्या चिंचोळ्या ठिकाणी दोन किनाऱ्यांत जेमतेम 340 मीटर अंतर आहे. आई शाल पांघरून, चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसल्या होत्या आणि किनाऱ्यावरच्या खिडक्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, आज मी कुठे उतरले नाही तरी चालेल. पण त्या उतरल्या, कारण जुनं शहर छोटं आणि सपाट आहे, 1166 सालचं सेंट ट्रिफॉनचं कॅथीड्रल दहा मिनिटांवर आहे, आणि चौकाचौकात मांजरं आहेत, त्यामुळे लेकही खूश.

इथला तट शहरामागच्या डोंगरावर चढतो. वरच्या किल्ल्यापर्यंत सुमारे 1,350 पायऱ्या आहेत, म्हणजे तेरा पर्वती, आणि या मात्र सलग. सिंहगड नेमाने चढणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं. बाकीच्यांनी अर्ध्या वाटेवरच्या चर्चपर्यंत जाऊन परत फिरावं, जहाज आणि आखात तिथूनही छान दिसतं.

व्हॅलेटा: लढाईसाठी आखलेलं शहर

दुब्रोव्हनिक शतकांमध्ये वाढत गेलं, व्हॅलेटा कागदावर आखून बांधलं गेलं. 1565 च्या उन्हाळ्यात ऑटोमन, म्हणजे तुर्की, आरमाराने माल्टाला वेढा घातला. सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर झुंजून पडला, पण बेट पडलं नाही. पुढच्याच वर्षी, 28 मार्च 1566 ला, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचा (हा ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा संघ) प्रमुख ज्यॉं द ला व्हॅलेट याने नव्या शहराची पायाभरणी केली. आराखडा फ्रान्चेस्को लापारेल्ली या इटालियन इंजिनिअरचा. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, दोन्हीकडे बंदर, जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक.

त्या खंदकाशी बाबा अर्धा तास उभे होते. त्यांना वसई आठवत होती. तिथेही तटाच्या आत चर्च, मठ आणि वाडे असलेलं बंदराचं शहर होतं आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग लावून ते घेतलं. नसरापूरच्या बनेश्वराला टांगलेली घंटा वसईचीच, ती लेकीने पाहिलेली होती. "इथे सुरुंग कसा खणला असता?" या तिच्या प्रश्नावर आजोबा-नातीचं जे सुरू झालं, ते जेवणापर्यंत चाललं. परदेशातलं शहर मुलांच्या मनात रुजतं ते असं काहीतरी घरचं सापडलं की.

आईंसाठी हा दिवस सगळ्यात सोपा गेला. लिफ्टने वर आलो की बागेत बाक, सावली, समोर पूर्ण ग्रँड हार्बर. दुपारी 12 ला खालच्या तोफखान्यातून तोफ उडते, ती कठड्याशी उभं राहून फुकट बघता येते. तिथून रिपब्लिक स्ट्रीटपर्यंतचा रस्ता फारसा चढाचा नाही. आडव्या गल्ल्या मात्र बंदराकडे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात, तिकडे गुडघेदुखीच्या माणसाला नेऊ नका. माल्टात इंग्रजी ही अधिकृत भाषा आहे, त्यामुळे आईंनी बाकावर शेजारी बसलेल्या आजींशी गप्पा मारल्या. ही गोष्ट छोटी वाटेल, पण दुब्रोव्हनिकमध्ये त्या दोन तास कोणाशी बोलल्या नव्हत्या.

सेंट जॉन्स को-कॅथीड्रल बाहेरून साधं आहे, आत सोन्याचा झळाळ. पायाखाली सरदारांच्या सुमारे 400 संगमरवरी समाध्या. इटालियन चित्रकार कारावाज्जोने 1608 मध्ये काढलेलं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं पाच मीटरहून रुंद चित्र इथेच आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही चित्रातल्या सांडलेल्या रक्तात आहे. लहान मुलांना आधी कल्पना द्या. खांदे झाकलेले हवेत, टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणून तुमचं जहाज व्हॅलेटाला कुठल्या वारी पोचतंय ते बुकिंगआधी बघा.

सुट्ट्या, व्हिसा, पोट

आपल्या मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मे आणि दिवाळीत. एड्रियाटिकच्या क्रूझ मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि नोव्हेंबर हा तिकडे भर पावसाचा महिना. तेव्हा मे असेल तर दोन्ही पर्याय खुले, दिवाळी असेल तर माल्टा.

क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि तिथे युरो चालतो. माल्टाही शेंगेनमध्येच. कोटोर मात्र माँटेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. युरो तिथेही चालतो, पण कोटोर करून इटलीला किंवा क्रोएशियाला परत यायचं तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा लागतो. अर्ज भरतानाच हे लिहा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला आणि ऐनवेळी सगळा बेत बदलावा लागला.

शाकाहारी मंडळींची जहाजावर अडचण येत नाही. बंदरावर व्हॅलेटात पास्तिझ्झी मिळतात, वाटाण्याच्या किंवा रिकोटा चीजच्या, आपल्या पॅटिसच्या जवळच्या. पिठात चरबी घातली आहे का, हे मात्र विचारून घ्या. दुब्रोव्हनिकमध्ये तटाच्या आत जेवण फार महाग पडतं.

नणंदेने परवा दिवाळीचं माल्टाचं जहाज नक्की केलं. व्हॅलेटाला ते गुरुवारी पोचतंय. दुब्रोव्हनिकसाठी तिने आणि मी पुढच्या मे महिन्याचा विचार सुरू केलाय, विमानाने, तीन रात्री. आईंसाठी खोली तळमजल्यावरचीच शोधतोय.