लंडनचं ग्लोब थिएटर: नाटकवाल्यांनी बघावंच असं
बहिणीकडे लंडनला गेलो तेव्हा बाकी काही राहिलं तरी चालेल पण बाबांना शेक्सपिअरचं ग्लोब दाखवायचंच असं ठरवून गेले होते. बाबांनी लालबागच्या कारखान्यात तीस वर्षं नाटकांचे सेट बांधलेत, त्यामुळे आत शिरल्यावर आम्ही दोघी स्टेज बघतोय आणि बाबा खांबाला हात लावून उभे. सांगाडा अख्खा ओकचा, लाकूड ओलं असतानाच कापून जोडलंय आणि जोडात लाकडाच्याच खुंट्या ठोकल्यात, वाळता वाळता ते आवळतं आणि जोड अजून घट्ट बसतो. खांबांना उभ्या चिरा दिसल्या, बहीण म्हणाली, बाबा हे तडकलंय की, तर म्हणाले तडकलं नाही गं, वाळलंय.

हे थिएटर १९९७ चं पण घडण १५९९ च्या ग्लोबची. आणि ते जुनं ग्लोब तर दुसऱ्याच थिएटरच्या लाकडांतून उभं राहिलेलं! लंडनजवळ शोरडिचला जागामालकाशी वाजलं म्हणून १५९८ च्या डिसेंबरात शेक्सपिअरच्या नाटकमंडळींनी तिथलं थिएटर सुटं सुटं केलं आणि लाकडं थेम्स नदीपलीकडे नेली. मला लगेच आपला दौरा आठवला, शिवाजी मंदिरला पडदा पडला की सेट सोडायचा, टेम्पोत भरायचा, दुसऱ्या दिवशी पुण्याला परत उभा. पर्यावरणपूरक बांधकाम म्हणजे मला तरी हेच वाटतं, सोडवून परत वापरता यायला हवं, स्लॅब पाडला की नुसतं डेब्रिज.

छप्पर बोरूने शाकारलंय, भिंतींना चुन्याचा गिलावा. जुन्या ग्लोबला १६१३ मध्ये प्रयोगातल्या तोफेमुळे छपराला आग लागून ते जळलं होतं, म्हणून आता वर स्प्रिंकलर आहेत. आमच्या शोला माईक नव्हता तरी शब्द न् शब्द ऐकू आला, ए.सी. नाही, मधलं पटांगण उघडं, दुपारचा उजेड थेट नटांच्या तोंडावर.

उभ्याचं तिकीट सगळ्यात स्वस्त, तेच काढा, स्टेजला टेकून बघता येतं. छत्री उघडू देत नाहीत, रेनकोट न्या. बसायचं असेल तर बाक लाकडी आहेत, उशी भाड्याने मिळते ती घ्याच, आणि शक्य असेल तर शोच्या आधी टूर पण करा.

आमची गिरगावातली चाळ पाडली तेव्हा सागवानी जिना भंगारात गेला, बाबांनी त्यातल्या दोन पायऱ्या मागून आणलेल्या. लंडनहून आल्यावर त्या माळ्यावरून काढून त्यांनी रंधा मारायला घेतलाय.